ड्रॅग रेडियल की बायस स्लिक: जुन्या गाडीला काय झेपेल?

ड्रॅग शर्यत म्हणजे उभ्या गाडीने सुटून सरळ रेषेत धावणं, आणि तिचं अंतर सहसा पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर. पण निकालाचा मोठा वाटा पहिल्या ६० फुटांतच ठरून गेलेला असतो. ट्रॅकवरचा जुना ठोकताळा असा, की तिथे एक दशांश सेकंद वाचला तर शेवटच्या रेषेपर्यंत दीड-दोन दशांश वाचतात. एवढा वेळ इंजिनातून काढायचा तर कॅम, कार्बोरेटर, एक्झॉस्ट अशा सगळ्यालाच हात घालावा लागतो. म्हणून लोक आधी टायर बदलतात, आणि बरोबरच करतात. चुकतं ते पुढे. ‘सगळ्यात जास्त पकड कशाची?’ एवढंच विचारून जोडी आणली जाते. जुन्या गाडीत त्याआधी विचारायला हवं, की ती पकड मागे कोणाला सोसायची आहे?

साध्या टायरवर जोरात सुटलं की चाकं जागच्या जागी फिरतात. वेळ जातो, पण त्या घसरण्यामुळेच जुना एक्सल, डिफरन्शियलचे गिअर आणि प्रोपेलर शाफ्टचे (इंजिनाचा जोर मागच्या एक्सलकडे नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याचे सांधे, इतकी वर्षं टिकलेले असतात. तो टायर म्हणजे गाडीचा फ्यूज. चिकट टायर घालणं म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार बांधणं. आता जळायचं ते आणखी मागे कुठेतरी जळणार.

इथे मी मागच्या चाकांवर चालणारी, मागे सलग एक्सल आणि १५ इंची रिम असलेली, रोज नाही तरी अधूनमधून रस्त्यावर निघणारी गाडी धरून चाललो आहे. तिच्यासाठी खरे पर्याय दोनच. नक्षी असलेला चिकट स्पोर्ट टायर वळणांसाठी उत्तम, पण त्याची साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, ताठ असते आणि सरळ सुटताना ती उपयोगी पडत नाही. तो बाजूला ठेवू. उरले ड्रॅग रेडियल आणि बायस प्लाय. बायसमध्येही दोन भावंडं आहेत. एक पूर्ण गुळगुळीत स्लिक, जो रस्त्यावर चालवणं बेकायदा. दुसरा नावापुरत्या चार खाचा पाडलेला आणि रस्त्यासाठी डॉटचा (अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा) शिक्का मिळालेला. खाचा सोडल्या तर स्वभाव एकच.

फरक आत आहे. बायसमध्ये धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदत जातात. त्यामुळे साइडवॉल मऊ राहते. गाडी सुटते तेव्हा रिम आधी फिरते, रबर क्षणभर मागे राहतं आणि साइडवॉलला सुरकुत्या पडतात. त्या क्षणात टायर स्प्रिंगसारखा पिळला जातो आणि धक्का एक्सलपर्यंत जरा पसरून पोचतो. रेडियलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जातात आणि वर पट्ट्यांचे थर असतात. ट्रेड, म्हणजे जमिनीला लागणारा भाग, सपाट टेकतो, गाडी वेगात सरळ राहते, पण धक्का शोषायला फारसं काही नसतं.

याचा सगळ्यात मोठा परिणाम क्लचवाल्या गाडीवर होतो. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर स्वतःच धक्का मऊ करतो, त्यामुळे रेडियल तिथे चांगला नांदतो. पाय झटकन उचलून क्लच सोडणाऱ्याने मात्र बायसच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रेडियलवर त्याच्यासमोर दोनच शक्यता उरतात: टायर सुटेल किंवा काहीतरी तुटेल. शिवाय बायस थोडा घसरला तरी पुन्हा पकडतो. रेडियल एकदा सुटला की ॲक्सिलरेटर सोडल्याशिवाय सहसा परत येत नाही, आणि ती फेरी गेली. ट्रॅकवर चिकट द्रव नीट मारलेला असेल तर रेडियल अप्रतिम चालतो. ट्रॅक कोरडा, धुळकट असेल तर बायस जास्त समजून घेतो.

मग सगळ्यांनी बायसच का घेऊ नये? कारण गाडीला ट्रॅकपर्यंत जायचंही असतं. बायस रस्त्यावर डुलतो, खाचाखोचांमागे धावतो. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी खिचडी केली तर शेवटच्या रेषेजवळ, नेमक्या सगळ्यात जास्त वेगात, गाडीचा मागचा भाग वळवळतो. घाबरून स्टिअरिंग हलवलं की प्रकरण आणखी बिघडतं. उपाय म्हणजे पुढेही बायस घालणं, म्हणजे दोनाऐवजी चार टायर आले. हा हिशेब बायस घेणारे हमखास विसरतात.

हवेचंही तसंच. बायसमध्ये ट्रॅकवर साधारण १० ते १५ पीएसआय, रेडियलमध्ये १५ ते २० पासून सुरुवात करतात. गाडी जड असेल तर जास्त, आणि कंपनीचा आकडा शेवटचा. परतीच्या रस्त्यासाठी हवा पुन्हा भरायची, म्हणून पंप डिकीत हवाच. इतक्या कमी हवेवर बायस रिमवर सरकू शकतो. टायर आणि रिम दोन्हींवर मिळून खडूची एक रेघ मारून ठेवा, फेरीनंतर ती तुटलेली दिसली तर टायर रिमला धरून ठेवणारे रिम स्क्रू लावायची वेळ आली. सुटण्याआधी चाकं जागच्या जागी फिरवून टायर तापवतात तो बर्नआउट रेडियलला थोडका पुरतो. स्लिकला जास्त तापवावं लागतं.

मापाकडे थोडं थांबून बघा. २३५/६० आर १५ ची उंची साधारण २६ इंच, २७५/६० आर १५ ची २८ इंच. रुंद म्हणून दुसरा मोहात पाडतो, पण तो उंचही आहे. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.७३ असेल तर २६ वरून २८ वर जाताच ते जणू ३.४६ होतं, आणि सुटतानाचा जोर तेवढा उतरतो. टॉप गिअर १:१ धरला तर ताशी १६१ किलोमीटरला इंजिनाचे मिनिटाचे फेरे सुमारे ४८२० वरून ४४७५ वर येतात. जुनं, खालच्या फेऱ्यांवर ताकद देणारं इंजिन असेल तर हे चालेल, वर चढून ताकद देणारं असेल तर ते रेषेपर्यंत झोपेतच राहील. मडगार्डच्या आतली जागा मागचे पाटे दाबून मोजा, गाडी उभी असताना नव्हे. बायस घेत असाल तर आणखी सैल सोडा, कारण वेगात त्याचा व्यास वाढतो. रेडियलचा फारसा वाढत नाही.

नियमांचा एक मुद्दा निवडीवर थेट येतो. अमेरिकेतल्या एनएचआरए या ड्रॅग शर्यतींच्या संस्थेच्या नियमात स्लिकवर १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्या गाडीला प्रोपेलर शाफ्टखाली सुरक्षा कडं लागतं. रस्त्याच्या टायरवर ते ११.४९ पेक्षाही कमी वेळ काढला तरच लागतं. म्हणजे टायर बदलला की कडंही बसवावं लागू शकतं. आपला टायर कशात मोडतो हे तपासनिसाला आधीच विचारून घ्या. कडं मात्र नियम नसला तरी बसवाच. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलू शकतो.

माझ्याकडे ऑटोमॅटिक गाडी असती आणि ती चालवतच ट्रॅकवर न्यायची असती, तर मी २६ इंची ड्रॅग रेडियल घातले असते. क्लच आणि मूळचा एक्सल असता, तर जुन्या रिमवर बायसचे चार वेगळे टायर चढवून ते गाडीत टाकून नेले असते. पावसाचा अंदाज असेल तर दोन्ही घरीच. खाचा कमी असल्याने पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. कडाक्याच्या थंडीत असलं रबर दगडासारखं होतं.

वापरलेली जोडी मिळाली तर खाचांची खोली बघत बसू नका. डॉटच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मग रबरात नख रुतवा. रुतलं नाही तर टायर कितीही नवा दिसो, तो फक्त धूर काढायच्या कामाचा.