उजनीचं पाणी: नदीतून की नळातून?

सोलापूर महापालिकेत पाण्यावर कितीही चर्चा झाली तरी गाडी शेवटी भीमेवरच्या उजनी धरणावरच येते. शहरापर्यंत ते पाणी आणायच्या दोन वाटा आहेत.

पहिली भीमेची. धरणातून पाणी सोडायचं, ते नदीकाठच्या टाकळीपर्यंत पोचलं की उपसून सोरेगावात शुद्ध करायचं. गुरुत्वाकर्षण फुकट, पण वाटेत कोरडं पात्र पाणी पितं, ऊन पितं, काठावरचे पंपही पितात. शहरासाठी म्हणून सोडलेल्या पाण्यातलं शहराला किती मिळतं, हा अवघड प्रश्न. अर्थात पंढरपूर, मंगळवेढ्याकडच्यांना हेच पाणी आधार वाटतं, तेही खोटं नाही.

दुसरी वाट सुमारे ११० किलोमीटरच्या जलवाहिनीची. जुन्या वाहिनीला समांतर अशा नव्या वाहिनीची क्षमता रोज १७ कोटी लिटर. वर्षाचा हिशोब जेमतेम सव्वादोन टीएमसी (अब्ज घनफूट). गळती नगण्य ठेवता आली तर बचत मोठी. मात्र पंपांचं वीजबिल कायमचं, आणि वीज गेली की शहराचं वेळापत्रक कोलमडतं.

माझं मत वाहिनीच्या बाजूने. पण टाकळीची योजना मोडीत काढू नये. वाहिनी फुटते तेव्हा तीच आठवते. आणि शहरातली जुनी वितरणव्यवस्था सुधारली नाही, तर काही दिवसांआडचं पाणी रोज कसं होणार?