एका खोलीत चार जणांचा पॉडकास्ट: कोणती माईक-रचना निवडावी?

एका टेबलाभोवती बसून गप्पा रेकॉर्ड करायच्या तर चार रचना समोर येतात. मधोमध एकच माईक, प्रत्येकापुढे यूएसबी माईक, प्रत्येकाला कॉलर माईक, किंवा प्रत्येकापुढे एक्सएलआर (तीन पिनांची ऑडिओ जोडणी) असलेला डायनॅमिक माईक (बाहेरून वीज न लागणारा) आणि ते सगळे एकाच मल्टिट्रॅक रेकॉर्डरला (प्रत्येक माईक वेगळा नोंदवणारं यंत्र) जोडलेले. कोणतं मॉडेल भारी, यावर खल फार होतो. निकाल मात्र दोन गोष्टींवर लागतो: तोंडापासून माईक किती लांब आहे आणि प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र ट्रॅकवर मिळतो का.

मधोमध एकच माईक

मांडायला सगळ्यात सोपी आणि नंतर दुरुस्त करायला सगळ्यात अवघड रचना ही. अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणजे १० सेंटीमीटरऐवजी ८० सेंटीमीटरवरून बोललं तर १८ डेसिबल गेले. खोलीचा घुमारा आणि पंख्याची घरघर मात्र होती तेवढीच राहते. गेन (माईकचा सिग्नल वाढवण्याचं प्रमाण) वाढवला की तीही वाढते. एकाचं मोठ्याने हसणं आणि दुसऱ्याचं पुटपुटणं एकाच ट्रॅकवर असल्यामुळे नंतर वेगळं करता येत नाही.

दोघंच असतील आणि समोरासमोर बसणार असतील तर ही रचना चालते. माईक द्विदिशी पॅटर्नवर (पुढून आणि मागून ऐकणारा) ठेवायचा, दोघांनी २०-२५ सेंटीमीटरवर यायचं आणि माईकच्या बहिऱ्या बाजू, म्हणजे ९० अंशाच्या, खिडकी किंवा पंख्याकडे करायच्या. ब्लू येतीसारख्या माईकवर हा पॅटर्न असतो. तिसरा माणूस आला की हा पर्याय सोडून द्यावा.

प्रत्येकाला यूएसबी माईक

प्रत्येक यूएसबी माईकमध्ये स्वतःचं घड्याळ असतं आणि दोन घड्याळं कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असेल तर तासाभरात दोन ट्रॅक १८० मिलिसेकंदांनी सरकतात. ऐकणाऱ्याला ते सरळ प्रतिध्वनीसारखं वाटतं. सुरुवातीला टाळी वाजवून ट्रॅक जुळवले तरी पुढचं सरकणं थांबत नाही. मॅकवर अ‍ॅग्रिगेट डिव्हाइस (अनेक माईक एकच उपकरण म्हणून दाखवणारी सोय) करून ड्रिफ्ट करेक्शन (हे सरकणं सुधारणारी सोय) सुरू केलं की दोन माईक ठीक चालतात. चार माईकसाठी मात्र हा मार्ग धरू नये.

सध्या एकट्यासाठी माईक घ्यायचा आहे आणि पुढे मंडळी वाढणार आहेत, असं असेल तर यूएसबी आणि एक्सएलआर दोन्ही जोडण्या असलेला डायनॅमिक घ्यावा. सॅमसन क्यू२यू किंवा ऑडिओ-टेक्निका एटीआर२१००एक्स हे त्यातले. आज कॉम्प्युटरला लागतो, उद्या रेकॉर्डरला.

कॉलर माईक

व्हिडिओही करायचा असेल आणि चेहऱ्यासमोर काही नको असेल तर याला पर्याय नाही. पाहुणा मागे रेलला तरी अंतर बदलत नाही, हा मोठा फायदा. पण बहुतेक कॉलर माईक चहूबाजूंनी ऐकतात. आपलं तोंड २५ सेंटीमीटरवर आणि शेजाऱ्याचं ६० सेंटीमीटरवर असेल, तर शेजाऱ्याचा आवाज आपल्या माईकमध्ये जेमतेम १ मिलिसेकंद उशिरा आणि बऱ्यापैकी जोरात शिरतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज कापला जातो आणि बोलणं पोकळ, डब्यातून आल्यासारखं होतं. म्हणून माणसं लांब बसवायची आणि खोलीत पडदे-गाद्या असू द्यायच्या. वायरलेस संच असेल तर रिसीव्हर ‘स्प्लिट’वर (प्रत्येकाचा आवाज वेगळा) आहे ना, हे आधी पाहा. ‘मर्ज्ड’वर राहिला तर दोघांचा आवाज कायमचा एकत्र.

प्रत्येकापुढे एक्सएलआर डायनॅमिक

तीन किंवा अधिक जणांसाठी आमचं मत सरळ याच रचनेला आहे. माईक साधा असला तरी.

तोंडापासून ५ ते १० सेंटीमीटर, म्हणजे चार बोटं, आणि माईक किंचित तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चा वारा थेट जाळीवर आदळत नाही. शेजारचा माईक किमान तिप्पट अंतरावर हवा. तिप्पट अंतराने साधारण ९.५ डेसिबलचा फरक पडतो. प्रत्यक्षात टेबलावर ६०-७० सेंटीमीटर सहज मिळतात आणि फरक १६-१७ डेसिबलपर्यंत जातो. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माईक पाठीमागे, १८० अंशांवर, सगळ्यात कमी ऐकतो. त्यामुळे समोरचा माणूस बरोबर माईकच्या पाठीशी यावा. सुपरकार्डिऑइडचे (समोरचा आणखी अरुंद पट्टा ऐकणाऱ्या माईकचे) बहिरे कोन १२६ अंशांच्या आसपास असतात. तो वापरत असाल तर समोरच्याला जरा बाजूला सरकवा.

कंडेन्सर (वीज लागणारा, जास्त संवेदनशील माईक) खोलीचा आवाज जास्त उचलतो, हे ऐकीव अर्धसत्य आहे. पॅटर्न आणि अंतर सारखं असेल तर घुमाऱ्याचं प्रमाण फारसं बदलत नाही. कंडेन्सर लोक लांब ठेवतात आणि त्याचा वरचा पट्टा जास्त उघडा असतो, म्हणून खोली जाणवते.

खरी अडचण गेनची असते. शुअर एसएम७बीला साधारण ६० डेसिबल गेन लागतो. रेकॉर्डरला तेवढा देताना सूं-सूं येत असेल तर मध्ये बूस्टर (सिग्नल वाढवणारं छोटं यंत्र) लावावा लागतो आणि त्याला ४८ व्होल्ट फॅन्टम पॉवर (माईकच्या केबलमधूनच जाणारी वीज) लागते. एसएम५८चा सिग्नल ४-५ डेसिबलने जोरदार असल्यामुळे तो साध्या यंत्रावरही निभावतो. चौघांसाठी झूम पॉडट्रॅक पी४ सोयीचा: चार एक्सएलआर इनपुट आणि चार हेडफोन आउटपुट. झूम एच६लाही चार इनपुट आहेत, शिवाय ईएक्सएच-६ कॅप्सूल (वर बसवायचा जोडभाग) लावून सहा होतात. त्या जादा दोघांत फॅन्टम नाही, पण डायनॅमिकला ती लागतही नाही. इनपुट कमी पडले म्हणून वाय-केबलने दोन माईक एकात घुसवू नका. स्वतंत्र ट्रॅक मिळवण्याचा सगळा खटाटोप तिथेच वाया जातो.

टेबलस्टँड स्वस्त पडतो, पण कपाचा, कोपराचा प्रत्येक धक्का माईकपर्यंत पोहोचवतो. बूम आर्म (माईक टेबलाच्या वर धरणारा हात) जमत नसेल तर स्टँडखाली जाड फोम ठेवा आणि ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. हेडफोन बंद पाठीचेच घ्या. उघड्या पाठीच्या हेडफोनमधला आवाज परत माईकमध्ये जातो.

गेन लावताना नुसतं ‘हॅलो, चेक’ ऐकू नका, प्रत्येकाला मोकळं हसायला लावा. शिखरं (आवाजाचे सगळ्यात मोठे क्षण) −१२ डीबीएफएसच्या (डिजिटल कमाल पातळी शून्य धरून मोजलेले डेसिबल) आसपास राहू द्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक मोनो ट्रॅक तासाला सुमारे ५२० एमबी घेतो, चार ट्रॅक म्हणजे २ जीबीच्या थोडं वर. एडिटिंग करताना चारही माईक सतत उघडे ठेवले तर खोलीचा आवाज एका माईकच्या तुलनेत ६ डेसिबलने वाढतो. म्हणून जो बोलत नाही त्याचा ट्रॅक १०-१५ डेसिबल खाली आणावा. नॉइज गेटने (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारी सोय) पूर्ण बंद केला तर मधले ‘हं’, ‘अच्छा’ तुटतात आणि मागची शांतता सारखी चालू-बंद होत राहते.