मोफत मिळालेल्या अपिलाच्या वकील मॅडम, आमचा अनुभव

मामेभावाला जबरी चोरीच्या केसमधे मॅजिस्ट्रेट कोर्टात शिक्षा लागलेली, सेशन कोर्टात अपिलात तो निर्दोष सुटला. ज्यांनी हे अपील लढवलं त्या वकील मॅडम विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळाल्या होत्या. त्यांना विचारलेलं नाही म्हणून नाव टाकत नाही, पण लिहायलाच हवं, कारण सरकारी खर्चाने मिळालेला वकील नुसता तारखेला उभा राहतो असं आम्हाला जो तो सांगत होता.

मॅडमनी आल्या आल्या आधी सगळे कागद मागितले, फिर्याद, पंचनामे, प्रत्येक साक्षीदाराची उलटतपासणी. घरचे म्हणत होते की त्या रात्री तो घरीच होता, आम्ही साक्ष देतो. त्यांनी समजावलं की अपिलात सहसा नवे साक्षीदार घेत नाहीत, खालच्या कोर्टात जे रेकॉर्डवर आलंय त्यातूनच दाखवायचं की गुन्हा शाबीत झालेला नाही.

आणि त्यांनी ते खरंच ओळ न ओळ वाचलं हो. फिर्यादीत लिहिलंय की अंधार होता, दोघांच्या तोंडाला रुमाल होता, आणि तोच फिर्यादी कोर्टात बोट दाखवून म्हणतो हाच तो. मधे ओळख परेड (अनेक जणांतून फिर्यादीने आरोपी ओळखून काढणं) झालेलीच नाही, उलट पोलीस स्टेशनला आरोपी दाखवला होता हे फिर्यादीनेच उलटतपासणीत कबूल केलेलं, पण त्याकडे तेव्हा कुणी लक्षच दिलं नाही. दुसरा पुरावा म्हणजे जप्त केलेला मोबाईल. त्याचा पंच फितूर झालेला, मुद्देमालाला सील नाही, आणि फिर्यादीत आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख नंबर) नाही, बिलही हजर केलेलं नाही, मग हा फोन फिर्यादीचाच हे ठरवायचं कशावरून? एवढ्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम 392 (जबरी चोरी) खाली शिक्षा टिकत नाही हे त्यांनी इतकं शांतपणे मांडलं की मागे बसलेल्या आम्हालाही नीट कळलं. कोर्टाने पुरावा अपुरा म्हणून शिक्षा रद्द केली, भरलेला दंडही परत करायला सांगितला.

अपील चालू असतानाच शिक्षेला स्थगिती आणि जामीन मिळवून दिला हे आमच्यासाठी फार मोठं होतं, नाहीतर निकाल येईपर्यंत पोरगा आतच राहिला असता.

एकच कमी वाटलं, तारखेला काय झालं ते त्या स्वतःहून कळवत नाहीत, आपणच फोन करायचा. केला की मात्र सविस्तर सांगतात.

ज्यांच्या घरी अशी वेळ आलीये त्यांच्यासाठी: मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सेशनला अपिलाची मुदत 30 दिवस, हायकोर्टात अपील करायचं असेल तर 60. माणूस कस्टडीत असेल तर उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यातच तसं आहे, आणि जेलमधूनही अर्ज करता येतो. विधी सेवेची हेल्पलाईन 15100. आमची केस जुन्या कलमाची होती, 1 जुलै 2024 किंवा त्यानंतरचा गुन्हा असेल तर जबरी चोरी भारतीय न्याय संहितेच्या 309 मधे येते. आणि सुटल्यावर निकालाची सर्टिफाईड कॉपी लगेच काढून ठेवा, नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनला तीच मागतात.