हीट पंपासाठी वीजदर: टप्प्यांचा, वेळेनुसार बदलणारा की छतावरची सौरवीज?

पाणी तापवणाऱ्या २०० लिटरच्या हीट पंपाला गोव्यात दिवसाला साधारण २ युनिटं लागतात. पाणी २७ अंशांवरून ५५ वर न्यायला साडेसहा युनिटांइतकी उष्णता हवी, आणि पंप हवेतली उष्णता खेचून घेत असल्याने आपल्या दमट, उबदार हवेत तो एका युनिटात तीन-सव्वातीन युनिटांची उष्णता पाण्यात घालतो. महिन्याला झाली ६० युनिटं. तेवढंच पाणी तापवायला साधा गीझर २०० च्या आसपास घेतो. साठाचा हा आकडा लहान आहे. दर ठरवताना उरलेलं घर वीज कधी वापरतं ते आधी बघावं.

टप्प्यांचा दर

गोव्यात घरगुती दर १००, २००, ३०० आणि ४०० युनिटांवर बदलतो, आणि वाढीव दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. म्हणून हीट पंपाची युनिटं तुमच्या शेवटच्या, सर्वांत महाग टप्प्यात धरून हिशेब करा. बिलाच्या रकमेला युनिटांनी भागून काढलेली सरासरी इथे दिशाभूल करते. ४२० युनिटांच्या घरात गीझर जाऊन हीट पंप आला की सुमारे १४० युनिटं वरूनच कापली जातात, घर २८० वर उतरतं आणि वरचे दोन्ही टप्पे सुटतात. एकूण वापरच दीडशेच्या आत असेल तर पंपाची किंमत वसूल व्हायला फार वर्षं जातील. तिथे तो घेऊ नये असंच आमचं मत.

वेळेनुसार दर

केंद्राच्या जून २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार स्मार्ट मीटर (कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा) बसला की शेतीपंप वगळता सर्वांना हा दर लागू व्हायचा आहे. सौर तासांत (दिवसा, ऊन असताना) वीज किमान २० टक्के स्वस्त आणि गर्दीच्या तासांत (विजेची मागणी जास्त असते तेव्हा, इथे संध्याकाळ धरली आहे) घरगुती ग्राहकाला किमान १० टक्के महाग, अशी चौकट आहे. नेमके तास आणि टक्के संयुक्त वीज नियामक आयोगाच्या दर-आदेशातून घ्या.

समजा तुमच्या वरच्या टप्प्याचा दर ५ रुपये आहे. हीट पंप एरवी ३०० रुपये खाईल, दुपारी चालवला तर २४० आणि संध्याकाळी ३३०. सगळा फरक ९० रुपयांचा. आता घराकडे बघा. सवलत २० आणि अधिभार १० टक्के असेल तर सौर तासांतली युनिटं गर्दीच्या तासांतल्या युनिटांच्या निम्म्याहून जास्त हवीत, तरच फायदा. दोघंही कामाला जाणारं मडगावातलं घर घ्या: दुपारी पंपाची ६० आणि फ्रिजची १५ मिळून ७५ युनिटं, संध्याकाळी एसी, इस्त्री, मिक्सर धरून १५०. इथे फक्त बरोबरी होते. अधिभारही २० टक्के असेल तर हे घर तोट्यात जाईल. दिवसा माणसं असलेल्या घरात, धुण्याचं मशीन आणि पाण्याचा पंपही दुपारी चालवला तर हा दर चांगला.

छतावरची सौरवीज

केवळ हीट पंपासाठी पॅनेल बसवू नका. ६० युनिटांना अर्धा किलोवॉट पुरतो. वापर ३०० च्या वर असेल तर मात्र विचार करावा. छतावरच्या सौरविजेसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. नेट मीटरवर (ग्रिडला दिलेली वीज तुमच्या वापरातून वजा करणारा मीटर) जमा होणारी युनिटं आधी महाग टप्पा कापतात. पावसाळ्यात उत्पादन बरंच घसरतं, आणि चवथीला घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तेव्हाच गरम पाणी जास्त लागतं, हे धरून चाला. लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड (ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला) इन्व्हर्टरही बंद पडतो.

टायमर नीट लावा

कोणताही दर असो, पंप सकाळी ११ ते दुपारी २ चालवा. तेव्हा हवा गरम असते, म्हणून पंप कमी वीज खातो. सत्तरी-सांग्याकडे थंडीतल्या पहाटे हा फरक ठळक जाणवतो. चांगल्या टाकीत दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चार-पाच अंशच उतरतात. ५० अंशांचं २०० लिटर पाणी २६ अंशांच्या पाण्यात मिसळलं की ४० अंशांच्या, वीस लिटरच्या सतरा बादल्या भरतात.

गडबड होते ती वीज गेल्यावर. बॅटरी नसलेल्या टायमरचं घड्याळ मागे पडतं आणि पंप भर संध्याकाळी सुरू होतो. त्यात ‘ऑटो’ मोड असेल तर आतला दीड-दोन किलोवॉटचा हीटरही चालू होतो आणि पंपाची सगळी बचत जाते. म्हणून रोजच्यासाठी ‘इको’ मोड, ५५ अंश. हीटर आठवड्यातून एकदा ६० अंशांवर नेण्यापुरता, तोही दुपारीच. किनाऱ्याजवळच्या घरांत खारी हवा बाष्पकाच्या (पंपाचा हवेतली उष्णता घेणारा भाग) पात्या खाते. लेप दिलेल्या पात्यांचं मॉडेल घ्या आणि त्या अधूनमधून गोड्या पाण्याने, दाब न देता धुवा.

स्मार्ट मीटर कमाल मागणीही, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती किलोवॉट खेचले तेही, नोंदवतो. वर्षात तीन वेळा ती मंजूर भारापलीकडे (जोडणीसाठी मान्य झालेले किलोवॉट) गेली तर भार वाढवला जाऊ शकतो, आणि त्यासोबत बिलातला दरमहाचा स्थिर आकारही. हीटर, एसी आणि इस्त्री एकाच वेळी चालू राहणार नाहीत एवढं बघा.