नवं वेष्टन, आतून ठेचलेली बॅटरी

गेल्या महिन्यात मी साडेअकराशे रुपयांना फसलो. पैशांचं एक वेळ सोडून देईन, पण ती बॅटरी मुलगा अभ्यासाला बसतो त्या खोलीच्या दाराशी चार्ज होत होती, हे डोक्यातून जात नाही.

रिमोटवर उडवायच्या माझ्या शिकाऊ (ट्रेनर) मॉडेल विमानासाठी 3 सेलची, 2200 एमएएचची लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी हवी होती. मैदानावर ओळख झालेल्या एकाने दिली. "नवीकोरी आहे, दोनदाच चार्ज केलीय." वेष्टन चकचकीत, लेबल सरळ. मी व्होल्टेज मोजलं, तिन्ही सेल 3.8च्या आसपास. तेवढ्यावर पैसे दिले. मार बसलेला सेलही नुसता पडून असताना व्होल्टेज बरोबर दाखवू शकतो. चार्जरवर प्रत्येक सेलचा आतला रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा; एका सेलचा बाकीच्यांहून खूप जास्त असला तर तो सेल खराब) बघायला हवा होता. नंतर बघितला तेव्हा दोन सेल 6-7 मिलिओम होते आणि तिसरा 24.

दुसऱ्या चार्जिंगला नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला. बॅटरी एका बाजूने फुगली होती. चार्जर बंद करून ती वाळूच्या बादलीत घातली आणि बादली गच्चीवर नेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर वेष्टन उकललेलं, आत पुढचा कोपरा ठेचलेला आणि त्यावर काळी चिकटपट्टी! म्हणजे खोक लपवून वरून नवी श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारं प्लास्टिकचं वेष्टन, चढवली होती. मैदानावरच्या दुसऱ्या एकाने मग सांगितलं, त्या माणसाचं विमान महिन्यापूर्वी नाकावर आपटलं होतं.

नाकावर आपटलं की विमान थांबतं, पण पावणेदोनशे ग्रॅमची बॅटरी थांबत नाही. ती पुढे सरकून फायरवॉलवर, म्हणजे मोटार बसवलेल्या पुढच्या आडव्या फळीवर धडकते, आणि मोटारीच्या स्क्रूंची टोकं आत आलेली असली तर थेट त्यांच्यावर. सेलला कवच कसलं, पातळ फॉइलची पिशवी. आतला शॉर्ट लगेच पेट घेईलच असं नाही; काही मिनिटांनी, कधी पुढच्या चार्जिंगलाही घेतो. म्हणून विमान पडलं की मी बॅटरी आधी बाहेर काढून उघड्या जमिनीवर लांब ठेवतो, अर्धा तास तरी हात लावत नाही. माझ्या विमानात आता बॅटरीपुढे दोन बोटं जाड फोम आहे, खाली वेल्क्रो, वर पट्टा, आणि स्क्रूंची टोकं कापून टाकलीत. कोपरा दबलेली बॅटरी कितीही चांगली चालत असली तरी मी ती वापरत नाही, कुणाला देतही नाही.

जुनी बॅटरी घेताना वेष्टन कंपनीचंच आहे का, कडेला दुसरा थर दिसतो का, ते बघा. कोपरे बोटांनी चाचपा. विकणाऱ्यासमोरच रेझिस्टन्स मोजा. तो नको म्हणाला तर घेऊ नका.

त्याने माझा नंबर ब्लॉक केलाय. परवा कळलं, आता तो ते विमानच विकतोय, "सोबत दोन बॅटऱ्या मोफत".