वायझरेप: सुपरनोव्हाचे पहिले स्पेक्ट्रा बघायचे असतील तर इथेच या

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी गेले चार महिने रोज वायझरेप उघडतेय, म्हटलं एकदा नीट लिहावंच. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने सांभाळलेलं हे सुपरनोव्हांच्या, म्हणजे फुटणाऱ्या ताऱ्यांच्या, स्पेक्ट्राचं (उजेड तरंगलांबीनुसार सुटा करून काढलेल्या आलेखांचं) ऑनलाइन कोठार आहे, 2012 मध्ये यारोन आणि गल-याम यांनी त्यावर पेपर काढला, आणि त्यात जे पब्लिक आहे ते बघायला, उतरवून घ्यायला एक पैसा लागत नाही.

मला हवे होते मोठा तारा फुटल्यावरच्या पहिल्या काही तासांतले, दिवसांतले स्पेक्ट्रा. कारण असं की फुटायच्या आधी ताऱ्याने जो वायू बाहेर फेकलेला असतो तो स्फोटाच्या उजेडाने तापून चमकायला लागतो, त्याच्या बारीक टोकदार रेषा दिसतात, आणि मागून सुसाट येणाऱ्या मलब्याने तो वायू गिळला की संपलं, त्या रेषा परत कध्धीच मिळत नाहीत.

2023आयएक्सएफ हा सुपरनोव्हा शोधून बघा. एम101 दीर्घिकेतला, जपानच्या इतागाकींना 19 मे 2023 ला सापडलेला. त्याच दिवशीच्या स्पेक्ट्रममध्ये 4686 अँगस्ट्रॉमला (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचं एकक) हेलियमची रेषा सुळक्यासारखी उभी आहे, शेजारी नायट्रोजन, पुढे कार्बन. आता पुढच्या रात्रींचे स्पेक्ट्रा एकाखाली एक लावा. ती रेषा हळूहळू खाली बसत जाते आणि आठवडाभरात सपाट! मी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा जेवायचं विसरले होते, खरंच.

मग 2013एफएस हा दुसरा सुपरनोव्हा बघा, स्फोटानंतर साधारण 6 तासांत हवाईच्या केक दुर्बिणीने घेतलेला स्पेक्ट्रम, पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या रेषा आहेत त्यात, काही तासांतच गेलेल्या. त्यावरून यारोन आणि टीमने 2017 मध्ये मांडलं की ताऱ्याने शेवटच्या वर्षभरात भरपूर वायू टाकला होता आणि तो फार लांब पसरलेला नव्हता, नेपच्यूनच्या कक्षेच्या दुपटीच्या आसपासच. शेवटचं वर्ष! कोट्यवधी वर्षं जगलेल्या ताऱ्याचं.

नवीन लोकांसाठी एकच टिप, मूलद्रव्यांच्या रेषा ग्राफवर टाकून बघता येतात पण आधी रेडशिफ्ट (झेड) भरा, म्हणजे दीर्घिका आपल्यापासून लांब जात असल्याने रेषा लाल बाजूला किती सरकल्यात ते. एम101 जवळ आहे म्हणून तिथे चारेक अँगस्ट्रॉमचाच फरक पडतो, 2013एफएसला मात्र 4686 ची रेषा पन्नासेक अँगस्ट्रॉम पुढे सरकलेली असते. मी पहिले दोन दिवस ती भलत्याच मूलद्रव्याची समजत होते, गाईड मॅडमनी बघताक्षणी विचारलं, झेड टाकलास का?

आणि डेटा वापरलात तर ज्यांनी घेतलाय त्यांचं नाव, पेपर नक्की द्या. नोंदीत दुर्बीण, तारीख, वेळ सगळं लिहिलेलं असतं. बातमी आल्या आल्या हातातलं काम बाजूला ठेवून दुर्बीण तिकडे वळवलीय त्या लोकांनी.