फतेहगंजचं एक अब्रॉड कन्सल्टन्सी ऑफिस: एका सेमिस्टरसाठी पैसे द्यायचे का?

पाचपैकी तीन. व्हिसाच्या फाईलला साडेचार आणि बाकी सगळ्याला दीड, त्याचं अॅव्हरेज.

ऑफिसचं नाव टाकत नाहीये. बडोदा केवढंसं, आणि तिथे जी बेन, म्हणजे ताई, फाईल बघते ती खरंच चांगली आहे, तिला उगाच ओरडा बसायला नको. तसंही फतेहगंजपासून निझामपुऱ्यापर्यंत असली ऑफिसं ढिगाने आहेत आणि मैत्रिणींकडून जे ऐकलं त्यावरून कारभार सगळीकडे साधारण सारखाच आहे.

आधी हे सांगते की मी पूर्ण डिग्रीसाठी नव्हते गेले, एक सेमिस्टर एक्सचेंजवर गेले होते, जर्मनीत ड्रेस्डेनला, २०२५ चा विंटर सेमिस्टर. कागदावर तो १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतो पण लेक्चर्स ऑक्टोबरच्या मधे सुरू होऊन फेब्रुवारीत संपतात आणि मग परीक्षा. आता एक्सचेंजमधे गंमत अशी की अॅडमिशनचं काम कन्सल्टंटकडे नसतंच. आपलं कॉलेज आपल्याला नॉमिनेट करतं, तिकडच्या युनिव्हर्सिटीचा मेल येतो, त्यांच्या पोर्टलवर आपण फॉर्म भरायचा, झालं. ट्यूशन फी आपल्या कॉलेजला भरतो तीच, तिकडे फक्त सेमिस्टर कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे सेमिस्टरची ठरलेली वर्गणी, भरायचं. तरी ह्यांच्या पॅकेजची पहिली ओळ काय तर युनिव्हर्सिटी शॉर्टलिस्टिंग! बाबांनी विचारलं, अहो युनिव्हर्सिटी ठरलेली आहे, कॉलेजचं पत्र हातात आहे, मग शॉर्टलिस्ट कशाची करणार, तर ऑफिसचे सर म्हणाले "अंकल, पॅकेज आख्खंच येतं". बाबांचं अख्खं आयुष्य दांडिया बाजारात गेलंय, ते उठून चपला घालायला लागले. मग लगेच फक्त व्हिसाचं वेगळं पॅकेज निघालं, अर्ध्याहून कमी पैशात. ते बोर्डवर कुठेच लिहिलेलं नाही, तोंडाने मागावं लागतं, तेव्हा मागाच.

आता चांगलं ते चांगलं. व्हिसाची फाईल बेनने अशी लावली की अहमदाबादच्या व्हीएफएस सेंटरला, जिथे व्हिसाचे अर्ज घेतात, काउंटरवरच्या माणसाने एकही कागद परत मागितला नाही, माझ्या पुढच्या मुलाला मात्र दोनदा झेरॉक्सला पळवलं. आपल्या गुजरातचे अर्ज मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे जातात आणि व्हिसा फी ७५ युरो, तिची रुपयातली रक्कम बदलत राहते, ते सगळं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. सगळ्यात भारी म्हणजे कव्हर लेटर. मी नेटवरनं उचललेलं गोड गोड काहीतरी नेलं होतं, जर्मनी इज अ लँड ऑफ इनोव्हेशन वगैरे, तिने ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि म्हणाली, हे सगळेच लिहितात, तू असं लिही की कुठले विषय घेणार, ते इकडे नाहीत का, परत येऊन डिग्री कधी पूर्ण करणार. एक पान, त्यात एकही विशेषण नाही. ते पत्र अजून माझ्याकडे आहे आणि धाकट्या मावसभावाला तसंच्या तसं दाखवणार आहे, म्हणजे कॉपी करायला नाही, कसं लिहायचं ते बघायला.

ब्लॉक्ड अकाउंटचंही तिने नीट समजावलं. जर्मनीला दाखवावं लागतं की राहण्या-खाण्याचे पैसे तुमच्याकडे आहेत, महिन्याला ९९२ युरो, वर्षाचे ११,९०४, आणि सहा महिन्यांचे धरले तर ५,९५२. तेव्हाच्या रेटने जवळजवळ सहा लाख. हे पैसे कुठे जात नाहीत, तिकडे बँक अकाउंट उघडलं की दर महिन्याला ९९२ सुटतात, पण एकरकमी आधी भरावे लागतात आणि खरी कसरत तीच. आजी हिशोब ऐकून म्हणाली, याच गावातून महाराजांनी आंबेडकरांना अमेरिकेला पाठवलं, महिन्याला पैसे दिले, आणि आता तुम्हीच तिकडच्या सरकारला पैसे दाखवता. आजीचं बरोबरच होतं, १९१३ ला सयाजीरावांनी दिलेली ती स्कॉलरशिप महिना साडेअकरा पौंडांची होती, तीन वर्षांसाठी. असो, महाराज नसल्यामुळे आम्ही एफडी मोडली.

आता दीडवाला भाग.

इन्शुरन्स. ऑफिसने आख्ख्या सहा महिन्यांची ट्रॅव्हल पॉलिसी विकली, हसत हसत, त्यांच्याच ओळखीच्या एजंटकडून. तिकडे एनरोलमेंटला ती चालतच नाही, तिशीच्या आतल्या स्टुडंटला तिकडचा पब्लिक हेल्थ इन्शुरन्स घ्यावा लागतो, महिन्याला दीडशे युरोच्या आसपास. ट्रॅव्हल पॉलिसी लागते ती व्हिसासाठी आणि पोचल्यापासून एनरोल होईपर्यंतच्या थोड्या दिवसांसाठी. म्हणजे एकाच गोष्टीचे डबल पैसे. व्हॉट्सअॅपवर विचारलं तर "एक्स्ट्रा सेफ्टी रहेगी ना" असं उत्तर आणि सोबत हात जोडलेला इमोजी.

सामानाची प्रिंटेड लिस्ट देतात त्यात घरचं तूप आणि पेढे लिहिलेत. युरोपियन युनियनमधे बाहेरून दूध-दह्याचे पदार्थ प्रवाशाला नेताच येत नाहीत, मांसाचेही नाहीत, आणि तूप त्यातच येतं. आईने एवढं कढवून बरणी भरलेली, ती मग भावाने संपवली. भाकरवडी, लिलो चेवडो, मेतकूट, गोडा मसाला हे सगळं व्यवस्थित पोचलं. कुकर न्या, छोटा, त्याचं लिस्टमधे नावही नाही.

आणि मोठी गोष्ट म्हणजे क्रेडिट्स. याच्यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे कारण सेमिस्टर वाया जायचा तो व्हिसामुळे नाही, यामुळे. ऑफिसात सर म्हणाले, गमे ते सब्जेक्ट लई लो ने, क्रेडिट तो ट्रान्सफर थई जशे, म्हणजे हवे ते विषय घ्या, क्रेडिट इकडे धरले जातील. काही आपोआप होत नाही. लर्निंग अॅग्रीमेंट नावाचा कागद असतो, त्यात तिकडचा कुठला विषय इकडच्या कुठल्या विषयाच्या बदल्यात धरणार ते लिहितात आणि त्याच्यावर तुमची, आपल्या कॉलेजची आणि तिकडची अशा तिघांच्या सह्या लागतात, निघायच्या आधी. तिकडे फुल सेमिस्टर म्हणजे ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातल्या पद्धतीचे, क्रेडिट्स, एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, त्यात घरचा अभ्यासही आला. आपले क्रेडिट वेगळ्या हिशोबाचे, त्यामुळे आपल्या डिपार्टमेंटने लेखी मान्य केल्याशिवाय काही धरू नका. शिवाय काही विषय फक्त समरलाच असतात, काही जर्मनमधेच शिकवतात, आणि दोन विषयांचे टाईम एकमेकांवर येतात ते तिकडे गेल्यावरच कळतं, म्हणून दोन-तीन जास्तीच्या विषयांना आधीच मान्यता घेऊन ठेवायची. माझ्या डिपार्टमेंटच्या मॅडमनी हे करून घेतलं, कन्सल्टंटने नाही, आणि मॅडमनी त्याचा एक रुपया घेतला नाही. परीक्षेचं रजिस्ट्रेशनही वेगळं असतं बरं का, विषय घेतला म्हणजे परीक्षेला नाव आलं असं नाही, त्याची तारीख वेगळी आणि ती गेली की गेली.

मार्कांचं पण घरी सांगून ठेवा. तिकडे १.० म्हणजे टॉप, ४.० म्हणजे जेमतेम पास आणि ५.० म्हणजे नापास. मला १.७ मिळाले तेव्हा आईने फोनवर फक्त "बरं" म्हटलं आणि बाबांकडे फोन दिला.

पोचल्यानंतरची मदत पॅकेजमधे ठळक अक्षरात लिहिलेली आहे, प्रत्यक्षात एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे ज्यात लोक एकमेकांनाच विचारत असतात. रूममधे शिफ्ट झाल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, तिला आनमेल्डुंग म्हणतात, घरमालकाच्या सहीचा कागद न्यावा लागतो, हे मला हॉस्टेलच्या मुलीने सांगितलं. नोंदणी झाली की काही दिवसांनी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो की नसो, पण ते एका फ्लॅटमागे एकच असतं, चौघी राहत असाल तर वाटून घ्या. ही माहिती ऑफिसच्या एका पानावर सहज मावली असती.

बाकी तिथलं राहणं मस्त होतं. सेमिस्टर तिकिटावर आख्ख्या देशातल्या लोकल गाड्या, ट्रॅम, बस फिरता येतं, माझ्या २०२५ च्या विंटर सेमिस्टरला महिन्याला ३४.८० युरो पडले आणि ते सेमिस्टर कॉन्ट्रिब्युशनमधेच धरलेले असतात. सुपरफास्ट गाड्या नाही चालत त्याच्यावर. रविवारी दुकानं बंद, स्टेशनमधलं एखादं सोडून, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी सुपरमार्केटात आपल्या मांडवीच्या बाजारासारखी गर्दी. डिसेंबरमधे चारच्या आसपास सूर्य मावळतो, त्याची सवय शेवटपर्यंत झाली नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो आणि आजी रोज तासभर आधीच फोन धरून बसायची. ट्रॅमचं एक सांगायचं राहिलं, एल्बे नदीवरच्या कॅरोला पुलाचा एक भाग सप्टेंबर २०२४ मधे पहाटे तीनच्या सुमाराला कोसळला, नशिबाने कुणाला काही झालं नाही, पण त्यावरच्या ट्रॅम दुसऱ्या पुलांवरून जातात, तर नदीपलीकडे जायचं असेल तेव्हा जरा लवकर निघावं. आपला गंभीरा पूल पडला तो जुलै २०२५ मधे, माझी फाईल तेव्हा तयार होत होती, त्यामुळे बाबांनी फोनवर पुलाचं नाव काढू दिलं नाही.

एक तक्रार ऑफिसबद्दल नाही, कॅलेंडरबद्दल आहे. २०२५ ला १ ऑक्टोबरच्या आत पोचायचं म्हणजे ऐन नवरात्रात निघायचं होतं. बडोद्याच्या मुलीला गरबा अर्ध्यात टाकून विमानात बसवणं हा गुन्हा आहे. ज्यांना जमेल त्यांनी समर सेमिस्टर बघा, १ एप्रिलला सुरू होतो.

तर जायचं असेल तर असं करा: फक्त व्हिसाचं पॅकेज मागा, सहा महिन्यांच्या इन्शुरन्सला सरळ नाही म्हणा, त्या बेनची अपॉइंटमेंट घ्या, सरांची नको, आणि पावती घेतल्याशिवाय उठू नका, पहिल्यांदा आम्हाला कच्च्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला होता. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट असते पण चालेलच असं नाही, खाली टू-व्हीलर लावायला जागा मिळते, गाडी घेऊन गेलात तर लांब लावून चालत या. शनिवारी दुपारनंतर बेन नसते.